इंजिन नसलेलं विमान
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "छोटी विमानं." पलीकडून उत्तर आलं, "म्हणजे ते फवारणीचं ड्रोन ना? चांगलंय, शेतकऱ्यांच्या उपयोगाचं आहे." मी सांगितलं, "नाही रे, ज्यात माणूस बसतो ती." त्यावर तो म्हणाला, "तू पायलट कधी झालास?"

तेव्हा आधी खुलासा करून टाकतो. मी पायलट नाही. मी छत्तीस वर्षं पुण्यात, हडपसरला, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलं. अंगावर निळा डगला, खिशात व्हर्नियर. ते चार पट्ट्यांचं पांढरं शर्ट मी कधी घातलं नाही. पण 1986 पासून शक्य तेव्हा रविवारी मी उडत आलो, आणि तेही इंजिन नसलेल्या विमानातून. आपल्याकडे विमान म्हटलं की दोनच माणसं डोळ्यांपुढे येतात, ते चालवणारा पगारी वैमानिक आणि तिकीट काढून बसलेला प्रवासी. सायकल चालवावी, विहिरीत पोहावं तसं हौसेनं उडणारा एक तिसरा माणूस असतो, आणि त्याच्यासाठी गावाकडेला छोटी मैदानं लागतात. आज त्याच्याविषयी बोलतो. नेवाशाचा माणूस माईकपुढे आला की दोन मिनिटांत पैसाच्या खांबावर येतो, ते मात्र मी आज टाळणार आहे. मला खांबापेक्षा वर जायचंय.

सुरुवात वावटळीपासून करू. चैत्र-वैशाखात, नांगरट झालेल्या काळ्या रानात, भर दुपारी वावटळ उठायची ते आठवतं ना? पाचोळा, धूळ, कधी कोणाचं उपरणं गरगरत वर जायचं. म्हातारी माणसं म्हणायची, आत भूत आहे, चप्पल फेका. आपण चप्पल न फेकता आत शिरायचो आणि डोळे चोळत बाहेर यायचो. आपल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं होतं की तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि बाजूची गार हवा तिची जागा घ्यायला धावते. आपण ते वहीत उतरवून घेतलं, पाच मार्कांना. वर गेलेली हवा पुढे कुठे जाते, हे आपण विचारलं नाही.

ती हजारो फूट वर जाते. धूळ खालीच गळून पडते म्हणून आपल्याला वाटतं वावटळ संपली. प्रत्यक्षात तो न दिसणारा खांब वर चालूच असतो. घारीला तो ठाऊक असतो. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढते, ती या खांबात शिरलेली असते. एका घारीला तो सापडला की पाच-सात जणी गोळा होतात. ग्लायडरवाला खालून त्यांच्याकडे बघतो आणि त्यांच्या वर्तुळात शिरतो. घारी त्याला हुसकावत नाहीत, पण त्याच्याहून छोटं वर्तुळ घेऊन वर निघून जातात आणि आपल्याला आपली पायरी कळते.

हे गणित साधं आहे. ग्लायडर म्हणजे लांब पंखांचं, इंजिन नसलेलं विमान. ते सतत खालीच येत असतं, घसरगुंडीवरून यावं तसं, फक्त ही घसरगुंडी फार निवांत असते. जुनं शिकाऊ ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून वीसेक किलोमीटर पुढे जातं. आजची फायबरची चांगली ग्लायडरं चाळीस जातात. म्हणजे नेवाशाच्या डोक्यावर एक किलोमीटर उंच असाल तर शनिशिंगणापूरच्या आसपास टेकता येईल. शांत हवेत ते सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतं. वावटळीच्या त्या खांबातली हवा सेकंदाला दोन, तीन, कधी चार मीटर वर जात असते. वजाबाकी तुम्ही करा. माणूस खाली येत असतो, पण ज्या हवेत तो आहे ती त्याहून जोरात वर चाललेली असते. सरकत्या जिन्यावर उलटं उतरताना होतं तसं.

आता यात आपल्या तालुक्याचा फायदा-तोटा ऐका. कोरडी नांगरट, खडकाळ माळ, पत्र्याची शेड, डांबरी रस्ता यांच्यावर हवा लवकर तापते आणि वर जाते. उसाच्या फडावर तसं होत नाही. ऊस पाणी पीत असतो आणि हवेत सोडत असतो, त्यामुळे फड गार राहतो आणि त्याच्यावर विमान घसरतं. मुळेच्या कालव्यानं तालुक्याचं भलं केलं, पण ग्लायडरवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर ऊस म्हणजे उतार. साखर कारखान्याची चिमणी मात्र आमची मैत्रीण. भेंडा असो, सोनई असो, गळीत हंगामात धूर कुठे वळतो त्यावरून वारा कळतो आणि चिमणीच्या आसपास चढती हवा मिळायची शक्यता असते. मी एसटीनं गावी यायचो तेव्हा खिडकीतून कोणाचा ऊस किती वाढलाय हे न बघता कोणतं रान कोरडं आहे ते बघायचो. शेजारचा विचारायचा, "जमीन घ्यायचीय का?"

हडपसरचं ग्लायडिंग सेंटर पन्नासच्या दशकापासूनचं आहे. सरकारी आहे, डीजीसीए म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाचं. नोकरीला लागल्यावर मी बसमधून जाताना बघायचो, एखादं लांब पंखांचं यंत्र पतंगासारखं झपकन वर चढायचं आणि मग आवाज न करता फिरत राहायचं. मला वाटायचं हे लष्कराचं काहीतरी असणार. कारखान्यातल्या एका फिटरनं सांगितलं, "कोणीही जातं तिथं. सकाळी जा, काम करायची तयारी ठेव."

काम करायची तयारी, हे शब्द महत्त्वाचे. ग्लायडर एकट्यानं उडवता येत नाही. मैदानाच्या एका टोकाला विंच असते, मोठ्या इंजिनावर चालणारं रहाट म्हणा. तिच्यापासून जवळजवळ किलोमीटरभर लांब पोलादी दोर दुसऱ्या टोकापर्यंत ओढून आणायचा. तो ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवायचा. ग्लायडर एका चाकावर उभं असतं, एक पंख जमिनीला टेकलेला असतो, तो कोणीतरी उचलून सरळ धरायचा. मग इशारा. दोर हळूहळू ताणला जातो, पुढचा इशारा होतो आणि विंचवाला इंजिन खेचतो. पंख धरणारा चार पावलं पळतो, त्याच्या हातातून पंख सुटतो आणि तीन-चार सेकंदांत ग्लायडर जमीन सोडतं. आतल्या माणसाला वाटतं आपण पाठीवर पडलोय, कारण नाक चाळीसेक अंश वर असतं. समोर फक्त आभाळ. अर्ध्या-पाऊण मिनिटात हजार फुटांच्या आसपास पोचलं की नाक सरळ करायचं, हातातली मूठ ओढायची, 'खट्ट' असा आवाज होतो आणि दोर सुटून छोट्या पॅराशूटला लटकत खाली जातो.

त्यानंतर जी शांतता असते तिची तुलना मला अजून सुचलेली नाही. फक्त वाऱ्याची सळसळ. काचेवर बाहेरून लोकरीचा एक दोरा चिकटवलेला असतो. तो सरळ असेल तर विमान सरळ चाललंय, तिरका झाला तर पायाचा दाब चुकलाय. लाखो रुपयांच्या यंत्रातलं सगळ्यात भरवशाचं उपकरण म्हणजे आजीच्या स्वेटरमधला एक धागा! आणि वेळ किती मिळतो? हजार फूट म्हणजे तीनशे मीटर, सेकंदाला एक मीटर, म्हणजे पाच मिनिटं. चढती हवा सापडली तर अर्धा तास, तासभर. सापडली नाही तर पाच मिनिटांत खाली आणि परत रांगेत शेवटी.

या पाच मिनिटांसाठी दिवसभर दुसऱ्यांचे पंख धरून पळायचं, दोर ओढायचा, वहीत प्रत्येकाची उडाल्याची आणि उतरल्याची वेळ लिहायची. डॉक्टर, कॉलेजची पोरं, बँकेतले कारकून, सगळे एकाच रांगेत. मी शिकलो त्या वेळी 'रोहिणी' नावाची लाकूड आणि कापडाची ग्लायडरं होती. त्यांचा आराखडा भारतातच झालेला, पहिलं उड्डाण 1961 चं. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात, बैलगाडीत बसावं तसे. शिक्षक फार बोलत नसत. एके दिवशी उतरल्यावर ते शांतपणे पट्टा सोडून बाहेर पडले, रिकाम्या जागेवरचा पट्टा नीट बांधून ठेवला आणि म्हणाले, "जाऊन या." एकट्यानं उडायची आज्ञा एवढीच. वजन कमी झाल्यानं ग्लायडर लवकर वर चढतं हे मला आधी सांगितलेलं होतं, तरी तो चढ जाणवला. शेजारची जागा बघायची नाही असं ठरवलं होतं, ती दोनदा बघितली. उतरलो तेव्हा पंख धरायला पळत आलेल्या पोरानं पेढे मागितले आणि मी संध्याकाळच्या बसचे पैसे त्यात घालवले.

आता थोडा इतिहास, कारण हे खूळ काही परदेशातून परवा आलेलं नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा. जुहूचं मैदान त्याच सुमाराचं. फेब्रुवारी 1929 मध्ये जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला क्रमांक एकचा. ते तेव्हा हौशीच होते, चोवीस वर्षांचे. 15 ऑक्टोबर 1932 ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणलं, पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या विमानातून. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं, म्हणून चार महिने सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या एका मोकळ्या पट्टीवर हलवायचे. एअर इंडियाचं मूळ असं एका हौशी क्लबात, चिखलाच्या मैदानात आहे. जुहू आज मुख्यतः हेलिकॉप्टरांचं झालंय. मुंबईच्या आभाळात शिकाऊ विमानाला जागा उरली नाही, आणि क्लबाचं शिकवण्याचं काम धुळ्याला गेलं. बारामतीलाही वैमानिक शिकतात. आपल्या डोक्यावरून कधी एखादं घरघरणारं छोटं विमान गेलं तर त्यात बहुधा विशीतलं एखादं पोर मांडीवर नकाशा घेऊन बसलेलं असतं.

त्या धुळ्याच्या धावपट्टीशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला 2017 उजाडलं आणि पुढे धुळ्याहून ते उडालं. लोक गच्चीचं कौतुक करतात, ते करावंच. मला मात्र त्यात धुळ्याचं महत्त्व वाटतं. गच्चीवर विमान बांधता येतं, गच्चीवरून उडवता येत नाही.

आपल्याकडे धावपट्ट्या नाहीत असंही नाही. धुळे, बारामती, कराड, लातूर, यवतमाळ. पण सामान्य माणसाला धावपट्टी म्हणजे मंत्री उतरण्याची जागा वाटते. आपल्या शाळेच्या मैदानावर निवडणुकीत चुन्यानं गोल काढून मधे 'एच' लिहायचे, पोलीस दोरी धरायचे आणि आपण दोरीच्या अलीकडे धूळ खात उभे राहायचो. विमान दोरीच्या पलीकडचं असतं, ही समजूत तिथूनच डोक्यात बसली.

माझी मुलगी ऑस्ट्रेलियात वागा वागा नावाच्या गावी असते. दोन वेळा राहून आलो. तिथून तासाभरावर टेमोरा नावाचं गाव आहे, आपल्या नेवाशाहून पुष्कळच लहान, गव्हाच्या रानांत वसलेलं. त्याला स्वतःचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात 1941 पासून तिथं वैमानिकांचं प्राथमिक प्रशिक्षण चालायचं, त्याची ही शिल्लक. आज तिथं जुन्या लढाऊ विमानांचं संग्रहालय आहे आणि धावपट्टीला लागून घरं आहेत, ज्यांच्या अंगणात मोटारीऐवजी विमानाची शेड. फाटकावर पोलीस नाही. जाळीच्या कुंपणावर पाटी आहे आणि ती लोक पाळतात.

तिथं कंट्रोल टॉवर नाही हे कळल्यावर मी मुलीला विचारलं, "मग कोण सांगतं कधी उतरायचं?" कोणीच सांगत नाही. प्रत्येक वैमानिक रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो, 'टेमोरा ट्रॅफिक', मी अमुक विमान, इतक्या उंचीवर, या बाजूनं येतोय, आणि शेवटी परत 'टेमोरा'. गावाचं नाव दोनदा, कारण तीच लहर शेजारच्या गावीही ऐकू येऊ शकते. वाऱ्याची पिशवी बघायची, ठरलेल्या चौकोनात फिरायचं, ज्याचा नंबर आधी त्यानं आधी उतरायचं. आपल्या पाण्याच्या पाळीसारखं, फक्त मधे पाटकरी नाही.

तिथल्या हौशी उड्डाणाचे नियम ऐकून मी दोनदा खात्री करून घेतली. रिक्रिएशनल एव्हिएशन ऑस्ट्रेलिया नावाची संस्था आहे, 1983 पासूनची, ती सरकारच्या मान्यतेनं स्वतःच प्रमाणपत्रं देते. पंधराव्या वर्षी मिळू शकतं. किमान वीस तास उड्डाण, त्यातले पाच एकट्यानं. खासगी मोटार चालवण्याइतकी तब्येत असली की चालतं. विमानं हलकी, बरीच वर्षं सहाशे किलोंची मर्यादा होती, म्हणजे माणसांसकट आपल्या जुन्या मारुती 800 च्या रिकाम्या वजनाएवढं. मी बसलो ते 'जाबिरू' क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गला बनतं. इंजिनही तेच बनवतात. माझ्याबरोबरचे वैमानिक गहू पिकवणारे सत्तरीतले गृहस्थ होते. त्यांनी वरून आपलं शेत दाखवलं आणि कुंपण कुठे तुटलंय तेही बघून घेतलं. उतरताना म्हणाले, "संध्याकाळ असती तर आधी एक फेरी मारून कांगारू हाकलावे लागले असते."

हे सगळं तिथं कसं जमलं? अंतरं प्रचंड आणि माणसं थोडी, हे एक कारण. फ्लाइंग डॉक्टर ही विमानानं डॉक्टर पाठवणारी सेवा 1928 साली क्लॉन्करीला सुरू झाली ती याच गरजेतून. दुसरं कारण युद्धात बांधलेली मैदानं. तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1958 पासून तिथल्या केंद्र सरकारनं छोटे विमानतळ टप्प्याटप्प्यानं स्थानिक कौन्सिलांच्या ताब्यात दिले. मैदान गावाचं झालं. गवत कोण कापणार, डांबराला पैसे कुठून आणायचे यावर सभेत भांडणं होतात, अगदी आपल्या ग्रामसभेसारखी, पण भांडायला का होईना ते गावाचं आहे. मी स्वर्ग सांगत नाही. शहराजवळ तिथंही जमीन सोन्याची होते. सिडनीजवळचं हॉक्सटन पार्कचं मैदान 2008 मध्ये बंद झालं, आणि तिथं आता मोठी गोदामं आहेत.

आपल्याकडे गावाहून गावाला उडायचं तर प्रत्येक उड्डाणाला हवाई संरक्षणाचा क्रमांक घ्यावा लागतो. आपल्या सीमा पाहता त्यात गैर काही नाही. पिस्टन इंजिनाचं खास पेट्रोल तर आपण बाहेरून आणत होतो, 2022 मध्ये इंडियन ऑइलनं ते देशात बनवायला सुरुवात केली. तेव्हा खर्च आणि कागद दोन्ही जास्त. म्हणून मी सगळ्यांना आधी ग्लायडर सांगतो. त्याला पेट्रोल लागतं ते फक्त विंचला.

आता जे सांगतोय ते आपल्यातल्याच एका मित्राच्या परवानगीनं. तो इथंच बसलाय, नाव घेत नाही. त्यानं मला रात्री साडेदहाला फोन केला. शेतकरी माणूस साडेदहाला जागा म्हणजे गोष्ट गंभीर. म्हणाला, "नातीला पायलट व्हायचंय. एका एजंटनं खर्च सांगितला. कालव्याखालचं तीन एकर विकलं तर बसतंय. विकू का?"

असे फोन मला दर वर्षी येतात. कमर्शियल परवान्याला अठरा वर्षं वय, दोनशे तासांचं उड्डाण, डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी लागते. आत्तापर्यंत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आलंय. खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून बराच वर. त्यानंतर मोठं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, त्याचे आणखी लाख. आणि परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असं नाही. परवाने घेऊन काही वर्षं घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यातली काही जमीन विकलेल्या घरांतली. त्यांच्या आईवडिलांशी बोलणं फार अवघड असतं.

तरी मी त्याला 'नको' म्हणालो नाही. कॅप्टन सौदामिनी देशमुखांच्या हाताखाली 1985 मध्ये कलकत्त्याहून सिल्चरला सगळ्या स्त्रियांचं पथक फोकर विमान घेऊन गेलं, त्याला आता चाळीस वर्षं झाली. कोणाच्या तरी घरात तेव्हाही 'पोरीला कशाला' असं म्हटलं गेलंच असणार. मी त्याला एवढंच म्हणालो की तीन एकरांचा निर्णय शेवटी घे, त्याआधी दोन स्वस्त गोष्टी कर. तपासणी करून घे. डोळे, कान, रंग ओळखणं, यात काही निघालं तर ते पहिल्या महिन्यात कळलेलं बरं, पस्तीस लाख भरल्यावर नको. आणि पोरीला एकदा उडू दे. इंजिनाच्या आवाजाशिवाय, एसीशिवाय, हातात काठी घेऊन. विमान तिनं आतापर्यंत फक्त मोबाईलमध्ये पाहिलंय.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते दोघं पुण्याला आले. पोरगी सकाळी आठपासून दुपारी दीडपर्यंत पंख धरून पळत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, बाकीचे करत होते म्हणून तीही करू लागली. हा आपला मित्र झाडाखाली बसून ते बघत होता. तिचा नंबर आला, सात मिनिटं उडून खाली आली. मी वाट पाहत होतो की आता 'मस्त वाटलं' म्हणेल, फोटो काढेल. तिनं विचारलं, "काका, त्या कालव्याजवळच्या हिरव्या पट्ट्यावर गेलो तेव्हा एकदम खाली का आलो?"

हा मित्र पटकन म्हणाला, "अगं, गार असणार तिथं. उसात शिरल्यावर नाही का गार लागत!"

आजोबा आणि नात दोघंही पास झाले असं मी मनात म्हटलं. तीन एकर अजून विकलेले नाहीत. दुसऱ्या श्रेणीची तपासणी झाली, पहिल्या श्रेणीची व्हायची आहे. ती घरी बसून हवामानशास्त्राच्या पेपरचा अभ्यास करते आणि संध्याकाळी आजोबांना ढगांची नावं सांगते. पुढे काय होईल ते ती दोघं ठरवतील. कदाचित ती वैमानिक होईल. कदाचित बँकेत लागेल आणि रविवारी उडेल. दुसरी गोष्ट घडली तर ते अपयश आहे असं कृपा करून कोणी तिला म्हणू नका. मी छत्तीस वर्षं तेच केलंय.

माझी चिंता वेगळी आहे. हडपसरच्या मैदानाभोवती आम्ही शिकत होतो तेव्हा रानं होती. आता चारी बाजूंनी इमारती आहेत. उतरताना चूक झाली तर बाजूच्या रानात टेकायची सोय होती, ती संपली. शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा पाहिली की कोणाकोणाच्या डोक्यात काय काय येतं हे तुम्हाला सांगायला नको. तालुक्याच्या ठिकाणी मात्र अजून माळ आहेत. ग्लायडरला किलोमीटरभर लांबीची सपाट, गवताळ पट्टी पुरते, डांबरही लागत नाही. आपल्या तुकडीतले दोघं-तिघं राजकारणात आहेत, पुढच्या रांगेत दिसतायत. त्यांनी हे ऐकून ठेवावं. एमआयडीसीच्या, गायरानाच्या, साखर कारखान्यांच्या जमिनी कुठे कुठे पडून आहेत ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलं मायक्रोलाइट उडवतात, त्यासाठीही मैदानच लागतं. आपल्या शाळेत एनसीसी आहे का, हे मुख्याध्यापकांना मी चहाच्या वेळी विचारणारच आहे.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी दोन सूचना. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला ग्लायडरचा विद्यार्थी परवाना मिळू शकतो. निघण्याआधी फोन करून उड्डाणं चालू आहेत का विचारा, कारण दुरुस्ती आणि हवा कोणाच्या हातात नसतात. चढत्या हवेसाठी फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम, पावसाळ्यात येऊ नका. टोपी आणा, पाणी आणा, बुटांना नाडी असू द्या. आणि सकाळी लवकर या, रांगेत पहिल्यांदा पंख धरणाऱ्याचा नंबर आधी लागतो. मी साधारण दोराच्या टोकाशी असतो, पांढऱ्या टोपीत.

माझी वेळ संपल्याची खूण सूत्रसंचालकांनी मघाशीच केली आहे. विज्ञानाचे सर समोर आहेत, त्यांना एक प्रश्न अजून विचारायचा राहिलाय, तापलेली हवा वर जाऊन गार झाली की खाली कुठे उतरते. सर, उत्तर पंगतीत दिलंत तरी चालेल.